बाजाराची वाट दाखवणारा



रमजानच्या तोंडावर आमच्या जमातीतील एका तरुणाने तयार कपड्यांचे छोटे दुकान थाटले. नोकरीतून साठवलेली रक्कम, आईने मोडलेले दागिने आणि नातलगांकडची उसनवारी मिळून त्याचे भांडवल उभे राहिले होते. ईदच्या आशेने त्याने ते सगळे एकाच वेळी मालात घातले आणि तेवढाच माल उधारीवर उचलला. ईद झाली आणि निम्मा माल अंगावर पडला. घाऊक व्यापाऱ्याचा तगादा सुरू झाला, गल्ल्यातूनच घरखर्च होऊ लागला आणि बकरी ईदच्या आधी दुकानाला कुलूप लागले.

त्याच जमातीत कापडाच्या धंद्यात चाळीस वर्षे घालवलेले एक बुजुर्ग आहेत. त्यांच्याजवळ मी हळहळ व्यक्त केली, तेव्हा ते म्हणाले, "मौलाना, त्याने विचारले असते तर मी सांगितले असते. ईदचा माल परत घेण्याच्या बोलीवर आणायचा असतो, आणि तोही थोडा थोडा." नंतर मी तरुणाला भेटलो. तो म्हणाला, "त्यांनी एकदा जवळ बसवले असते, तर मी विचारले असते." दोघेही एकाच सफेत, खांद्याला खांदा लावून नमाज पढत होते. त्यांच्या पुढे उभा राहणारा इमाम मी. दोघांची गाठ घालून द्यावी, हे मलाही सुचले नाही. म्हणून आजचा हा उपदेश प्रथम माझ्यासाठीच आहे.

कुरआनमधील एका अध्यायाचे नावच ‘अश्-शूरा’, म्हणजे मसलत, असे आहे. त्यात श्रद्धावंतांची लक्षणे सांगताना नमाज कायम करणे आणि अल्लाहने दिलेल्यातून खर्च करणे या दोहोंच्या मध्ये, एकाच आयतीत, आपसातील सल्लामसलतीचा उल्लेख येतो. नमाज चुकली तर आपल्याला रुखरुख लागते. जकात राहिली तर भीती वाटते. मात्र आयुष्याची पुंजी पणाला लावताना कोणाला विचारले नाही, याची खंत आपल्यापैकी किती जणांना वाटते?

सल्ला कसा द्यावा, याचा आदर्श प्रेषित मुहम्मद (स.) यांनी स्वतः घालून दिला. हजरत अनस (रजि.) यांनी कथन केलेली आणि अबू दाऊद यांच्या हदीससंग्रहात आलेली घटना आपण अनेकदा ऐकली असेल. मदीनेतील एक अन्सारी मदत मागण्यासाठी प्रेषितांकडे आले. घरात काय आहे, असे प्रेषितांनी (स.) विचारले. अर्धे पांघरायला आणि अर्धे अंथरायला उपयोगी पडणारे एक जाडेभरडे कापड आणि पाणी पिण्याचे एक भांडे, एवढेच होते. ते मागवून घेऊन प्रेषितांनी त्यांचा लिलाव केला. पहिली बोली एका दिरहमची आली. ती लगेच न स्वीकारता, अधिक कोण देतो, असे त्यांनी दोन-तीनदा विचारले आणि दोन दिरहम मिळाले. एका दिरहमचे धान्य घेऊन घरी पोहोचवावे आणि दुसऱ्या दिरहमचे कुऱ्हाडीचे पाते आणावे, असे त्यांनी त्या गृहस्थांना सांगितले. पाते येताच प्रेषितांनी (स.) स्वतःच्या हाताने त्याला दांडा बसवला, लाकडे तोडून विकण्यास सांगितले आणि पंधरा दिवस तोंड दाखवू नये, अशी ताकीद दिली. ते गृहस्थ परतले तेव्हा त्यांच्याजवळ दहा दिरहम होते. त्यातून त्यांनी काही कापड आणि काही धान्य घेतले होते.

ही घटना आपण श्रमाचे महत्त्व सांगण्यासाठी वापरतो आणि ते योग्यच आहे. पण एखाद्या लहान दुकानदाराने ती आपल्या गल्ल्याशेजारी बसून पुन्हा वाचावी. प्रेषितांनी (स.) प्रथम विचारपूस केली. जवळ काय आहे हे पाहिल्याशिवाय सल्ला दिला नाही. व्यवसायाची सुरुवात कर्जाने करून दिली नाही, तर घरात होते तेच भांडवल केले. पहिल्या भावाला वस्तू सोडली नाही. घराचा दिरहम आणि धंद्याचा दिरहम पहिल्याच दिवशी वेगळा केला. झेपेल असे काम निवडून दिले. मुदत ठरवून दिली आणि त्या मुदतीत त्या माणसाला स्वतःच्या पायांवर उभे राहू दिले. आमच्या त्या तरुणाचे दुकान जिथे कोसळले, ती जागा नेमकी हीच होती. त्याचे दोन्ही दिरहम एकाच गल्ल्यात होते आणि ते वेगळे करून देणारा हात त्याच्याजवळ नव्हता.

दुसरी घटना हिजरतनंतरची. मक्केत सर्वस्व सोडून आलेले हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) आणि मदीनेचे सधन अन्सारी हजरत सअद बिन रबीअ (रजि.) यांच्यात प्रेषितांनी (स.) बंधुत्वाचे नाते जोडून दिले. सअद (रजि.) यांनी आपली निम्मी संपत्ती देऊ केली. अब्दुर्रहमान (रजि.) यांनी त्यांना बरकतीची दुआ दिली आणि इथे व्यापार चालतो असा बाजार कुठे आहे, एवढेच विचारले. त्यांना कैनुकाचा बाजार दाखवण्यात आला. सुकवलेले पनीर आणि तूप यांच्या खरेदी-विक्रीपासून त्यांनी आरंभ केला आणि पुढे त्यांची गणना मोठ्या व्यापाऱ्यांत झाली.

अब्दुर्रहमान (रजि.) यांच्या स्वाभिमानाची आपण प्रशंसा करतो. परंतु त्या स्वाभिमानात विचारण्याची लाज नव्हती, हे आपल्या ध्यानात येत नाही. ते मक्केचे मुरलेले व्यापारी होते. तरीही नव्या शहरात पाऊल टाकताना त्यांनी तेथील जाणकाराला वाट विचारली. संपत्तीचा वाटा घेण्यास त्यांनी नकार दिला. माहितीचा वाटा मात्र मागून घेतला. आपले तरुण नेमके याच्या उलट करतात. पैसा मागताना ते दहा दारे ठोठावतात आणि सल्ला मागताना त्यांची जीभ अडखळते.

आता वडीलधाऱ्यांशी दोन शब्द. "पुढच्यास ठेच, मागचा शहाणा" असे आपल्या मराठीत म्हणतात. पण मागचा शहाणा होण्यासाठी पुढच्याने आपल्याला कुठे ठेच लागली हे सांगावे लागते. कोणता हंगाम कोरडा जातो, कोणत्या गिऱ्हाइकाला उधारी द्यावी, कोणता माल दिसायला स्वस्त आणि विकायला महाग पडतो, हे ज्ञान चाळीस वर्षांच्या नफ्या-तोट्यातून मिळते. ते मुठीत झाकून ठेवले तर आपल्याबरोबर कबरीत जाईल आणि तिथे त्याचा काहीही उपयोग नाही. नव्या दुकानामुळे आपले गिऱ्हाईक तुटेल, ही भीती मनात येते. ती नैसर्गिक आहे, परंतु रोजी देणारा अल्लाह आहे, ही आपली श्रद्धा अशाच वेळी कसोटीला लागते.

ज्याला सल्ला विचारला जातो त्याच्यावर अमानत सोपवलेली असते, अशी प्रेषितांची (स.) शिकवण आहे. योग्य मार्ग ठाऊक असताना भावाला भलताच मार्ग सुचवणे ही त्यांनी खयानत ठरवली आहे. तेव्हा विचारणाऱ्याचा हिशेब चारचौघांत उघड करू नये. जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही, असे स्पष्ट सांगावे. आपलाच पडून राहिलेला माल सल्ल्याच्या नावाखाली त्याच्या गळ्यात मारू नये. या गोष्टी सांभाळून दिलेला तासभर वेळ हेसुद्धा दानच आहे.

तरुणांनो, विचारायला जाताना वही बरोबर न्या. किती पैसा आपला, किती उसना, दुकानाचे भाडे किती, घरखर्च किती, हे लिहिलेले असू द्या. उधारीचे व्यवहार लिहून ठेवण्याची आज्ञा सूरह अल्-बकराच्या ज्या आयतीत आहे, ती कुरआनमधील सर्वांत दीर्घ आयत आहे, हे लक्षात ठेवा. माल परत करण्याची बोली असेल, तर ती मुदतीसह आधीच ठरवून लिहून घ्या. ज्येष्ठांचे ऐका, पण निर्णयाची जबाबदारी त्यांच्यावर ढकलू नका. सल्ला घ्या, इस्तिखारा करा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवून पाऊल उचला.

इथे एक मर्यादाही सांगितली पाहिजे. अनुभव बाजाराची वाट दाखवतो, पण हलाल-हराम ठरवण्याचा अधिकार त्याला नाही. ‘व्याजाशिवाय धंदा होत नाही’ किंवा ‘थोडे खोटे बोलावेच लागते’ असे कोणी चाळीस वर्षांच्या अनुभवाने सांगितले, तरी आदराने ऐकून घ्यावे आणि अदबीनेच नाकारावे. धर्माची समज नसलेल्याने आमच्या बाजारात विक्री करू नये, असे हजरत उमर (रजि.) यांनी बजावले होते. म्हणून नव्या व्यापाऱ्याला दोन उस्ताद हवेत, एक बाजार जाणणारा आणि एक शरीअत जाणणारा. इमाम अबू हनीफा (रह.) यांच्यात हे दोन्ही गुण एकवटले होते. कूफा शहरात ते स्वतः कापडाचे व्यापारी होते. आपल्यासारख्यांना मात्र दोन दारी जावे लागेल.

आपल्या भगिनींनाही हे तितकेच लागू आहे. शिवणकाम, मसाले, लोणची, मेंदी, घरगुती डबे यांतून किती घरे चालतात, हे आपण पाहतो. त्यांनी आपल्या कष्टाचे मोल किती लावावे, हे सांगणारी अनुभवी स्त्री बहुधा त्याच मोहल्ल्यात असते. हजरत खदीजा (रजि.) व्यापार करत होत्या, हे मुलींना केवळ इतिहास म्हणून सांगू नका. त्यांना अशा एखाद्या खालांकडे, मावशींकडे घेऊन जा.

आमच्या मशिदीत आता दर रविवारी असरच्या नमाजनंतर तीन ज्येष्ठ व्यापारी अर्धा तास थांबतात. कापडवाले ते बुजुर्ग त्यांतील एक. पहिल्या रविवारी कोणीच आले नाही. दुसऱ्या रविवारी तो तरुण आला, हातात वही घेऊन. त्याच्यावर अजून देणे आहे आणि दुकान अजून बंदच आहे. पण त्या दिवशी त्या बुजुर्गांनी वहीच्या पानावर मधोमध एक रेघ ओढली. एका बाजूला ‘घर’ लिहिले आणि दुसऱ्या बाजूला ‘धंदा’.

आपल्या मशिदीतही अशी दोन माणसे एकाच सफेत उभी असतील. आज सलाम फेरल्यावर उजवीकडे आणि डावीकडे जरा नीट पाहा.

हे अल्लाह, आमच्या ज्येष्ठांना सांगण्याचे औदार्य दे, आमच्या तरुणांना विचारण्याची नम्रता दे आणि आमच्या हलाल कमाईत बरकत दे. आमीन.