वेढा पडण्यापूर्वी

शास्त्रपाठ : इफिसकरांस पत्र ६:१०-१८, मत्तय २५:१-१३



बुऱ्हाणपुराहून खंडव्याच्या वाटेने सुमारे वीस किलोमीटर गेले की असीरगड लागतो. दक्षिणेचा दरवाजा अशी त्याची ख्याती होती. सन १६०० मध्ये अकबर बादशहाने त्याला वेढा घातला. आत फारुकी घराण्याचा बहादूरखान होता. तटावर तोफा होत्या, पाण्याचे साठे होते, कोठारांत वर्षानुवर्षे पुरेल इतके धान्य होते. तरीही जानेवारी १६०१ मध्ये किल्ला बादशहाच्या हाती गेला. अकबराचे दरबारी लेखक म्हणतात, आत रोगराई पसरली. त्याच्या छावणीत असलेले जेज्वीट पाद्री लिहितात की, किल्ल्यातले सरदार सोने देऊन फोडले गेले. कोणाचेही खरे धरा, किल्ला आतून गेला.

आपलीही बाहेरची तयारी पुष्कळ असते. दारावर वचनाची पाटी, नियमित वर्गणी, नाताळाला नवे कपडे. हे वाईट आहे असे मी म्हणत नाही. पण दाविदाकडे पाहा. गल्याथासमोर उभा राहिलेला पोरगा तयार होता, कारण कोणी पाहत नसताना रानात त्याने सिंह व अस्वल यांच्याशी झुंज घेतली होती. तोच दावीद राजा झाल्यावर, लढाईच्या दिवसांत सैन्य पाठवून स्वतः यरुशलेमेत राहिला (२ शमुवेल ११:१). राजवाड्याच्या गच्चीवर एका संध्याकाळी तो पडला. त्या संध्याकाळी ना भाला आला, ना तलवार.

इफिसकरांस लिहिताना पौल 'वाईट दिवस' असा शब्द वापरतो. तो दिवस येण्याच्या आधी शस्त्रसामग्री घ्यावयाची आहे. घरात दारू शिरते, भाऊभाऊ वडिलांच्या जमिनीसाठी कचेरीत जातात, डॉक्टर बाहेर बोलावून हळू आवाजात बोलतात, तेव्हा प्रार्थना कशी करावी हे शिकायला सवड नसते. पाच मूर्ख कुमारींना तेल विकत मिळत नव्हते असे नाही. मध्यरात्री ते आणायला वेळ नव्हता. शहाण्यांनी आपले दिले नाही याबद्दल काही जण त्यांना स्वार्थी म्हणतात. मला तसे वाटत नाही. आईचा विश्वास मुलाला उसना घेता येत नाही, ही प्रत्येक ख्रिस्ती घराची कहाणी आहे.

मग तेल साठवायचे कसे? याचे उत्तर मला बुऱ्हाणपुरातच दिसते. १६१५ मध्ये अब्दुल रहीम खानखानान याच्या काळात येथे कुंडी भंडारा बांधला गेला. सातपुड्याच्या डोंगरातून तापीकडे झिरपणारे पाणी जमिनीखालीच अडवून, बोगद्यांतून केवळ उताराच्या जोरावर शहरापर्यंत आणले. वर फक्त विहिरीसारख्या कुंड्यांच्या रांगा दिसतात. शंभराहून अधिक आहेत. बोगदा मात्र कोणाला दिसत नाही. एका दिवसात तो खणला गेला नाही, आणि तहान लागल्यावर तर नाहीच.

रोजचे शास्त्रवाचन असेच खणणे आहे. बहुतेक दिवशी हाताला मातीच लागते. आज काही मिळाले नाही असे वाटून आपण पुस्तक मिटतो. मिटू नये. शब्बाथशाळेच्या शिक्षकांना एक विनंती : शनिवारी रात्री जेवणानंतर धडा उघडू नका. सोमवारी उघडा, आठवडाभर तो तुमच्यातून झिरपू द्या. मुलांना शिक्षकाचे पाठांतर आणि शिक्षकाची तहान यांतला फरक फार लवकर कळतो.

पण हे वाचणाऱ्यांपैकी कोणावर वाईट दिवस आधीच आला असेल. तयारी नव्हती आणि तट पडला, असा कोणी असेल. त्याने गेथशेमाने बागेत यावे. तेथे पेत्राजवळ तलवार होती, पण प्रार्थनेच्या घटकेला तो झोपला होता. तलवार चालवून त्याने फक्त एका चाकराचा कान कापला, आणि कोंबडा आरवण्यापूर्वी एका दासीपुढे तो डगमगला. तथापि लूक २२:३१-३२ वाचा. त्या रात्री, पेत्र नाकारण्यापूर्वीच, प्रभूने त्याला सांगितले होते की, तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी विनंती केली आहे; आणि तू परत फिरलास म्हणजे तुझ्या भावांना स्थिर कर. पेत्राने तयारी केली नव्हती. त्याच्यासाठी ती प्रभूने केली होती, आणि परत आल्यावर करायचे कामही नेमून ठेवले होते.