थोडी जागा मोकळी

रस्ता जितका भरलेला, तितका त्याचा उपयोग चांगला, असे वाटणे साहजिक आहे. सिग्नलपाशी लागणाऱ्या रांगेचे गणित समजून घेतले की या समजुतीची किंमत कळते.

ब्रिटनच्या रोड रिसर्च लॅबोरेटरीतील एफ. व्ही. वेबस्टर यांनी 1958 साली या खोळंब्याचे सूत्र मांडले. त्याचे मुख्य भाग दोन. पहिला अटळ आहे: दिवा लाल असेपर्यंत थांबावेच लागते. गाड्या अगदी ठरावीक अंतराने आल्या तरी तो चुकत नाही. दुसरा भाग येतो तो गाड्या तशा येत नाहीत म्हणून. एका फेरीत तीनच येतात, दुसरीत बारा.

दिव्याच्या वेळा न बदलता चौकाची 80 टक्के क्षमता वापरात असताना हा दुसरा भाग 4 धरला, तर 90 टक्क्यांना तो 9 होतो आणि 95 टक्क्यांना 19. वाहने जेमतेम पाचव्या हिश्शाने वाढली. हे थांबणे जवळजवळ पाचपट झाले. त्यात कोणा चालकाचा दोष नाही. तीनच गाड्या आल्या तेव्हा उरलेला हिरवा वेळ साठवून ठेवता येत नाही; बारा आल्या तेव्हा मागे राहिलेली रांग मात्र पुढच्या फेरीच्या माथी बसते. भरपाई करायला मोकळा वेळ उरला नाही, की एका फेरीचे ओझे पुढे पुढे सरकत राहते.

जिथे येणाऱ्यांची वेळ ठरलेली नसते, तिथे सगळीकडे हा नियम चालतो. रुग्णालयातली रिकामी खाट हिशेबात वाया गेलेली दिसते, पण रात्री अचानक आलेल्या रुग्णाला तीच तारते. आपला दिवसही असाच. कामाला काम लावून तो काठोकाठ भरला, तर सकाळची पंधरा मिनिटांची दिरंगाई संध्याकाळपर्यंत पाठ सोडत नाही, आणि तिचा त्रास वाट पाहणाऱ्या प्रत्येकाला होतो.

म्हणून दिवस आखताना काही वेळ कोणत्याच कामाच्या नावावर लिहू नये. न सांगता दारात आलेल्या माणसाला देण्यासारखा आपल्याकडे तेवढाच वेळ असतो.