न दिसणाऱ्याशी बोलण्याचा धर्म

वारीची दिंडी आता दोन वाटांनी चालते. एक वाट पायांची, आळंदी-देहूहून पंढरीस जाणारी. दुसरी प्रत्येकाच्या खिशातल्या मोबाइलमधली. फडाचा एक गट, दिंडीचा दुसरा, गावच्या सप्ताहाचा तिसरा. या गटांत रोज नवी माणसे येतात. कोणी मुंबईस नोकरीला असलेला गावचा मुलगा, कोणी सासरी गेलेली लेक, कोणी सत्तरीत पहिल्यांदा असा फोन हाती घेतलेले आजोबा. त्यांतील काही मंडळी आम्हांस विचारतात, “महाराज, गटात नव्यानं आल्यावर कसं वागावं, याला काही शास्त्र आहे का?” प्रश्न साधा दिसतो, पण त्याच्या पोटात धर्माधर्माचा विचार आहे, म्हणून तो येथे घेतो.

प्रथम पूर्वपक्ष मांडू. पूर्वपक्षी म्हणतो, शिष्टाचार हा समोरासमोरचा. समोर माणूस असतो, त्याचा चेहरा उतरतो, डोळे भरतात, म्हणून आपण जिभेला आवर घालतो. गटात ना चेहरा, ना आवाज, नुसती अक्षरे. अक्षरांना कसला मान आणि कसला अपमान? शिवाय ते बोलणे नव्हे, लिहिणे. सबब वाणीचे नियम तेथे लागू नाहीत.

यावर उत्तर असे. आषाढीला गाभाऱ्यापर्यंत ज्यांना जाता येत नाही असे असंख्य वारकरी नामदेव पायरीचे, नाही तर नुसत्या कळसाचे दर्शन घेऊन माघारी फिरतात. वारी अपुरी राहिली असे त्यांपैकी कोणीही म्हणत नाही. दुरून केलेला आपला नमस्कार न दिसणाऱ्या देवाला पोचला, अशी ज्याची निष्ठा, त्याला असे कसे म्हणता येईल की दुरून टाकलेला आपला कडू शब्द न दिसणाऱ्या माणसाला पोचला नाही? पोचत असतील तर दोन्ही पोचतात. गीतेच्या सतराव्या अध्यायात वाणीचे तप सांगितले आहे. ऐकणाऱ्याच्या मनाला उद्वेग न देणारे, खरे, प्रिय आणि हिताचे बोलणे, असे त्याचे स्वरूप. ऐकणारा डोळ्यांपुढे असेल तरच ते पाळावे, अशी अट तेथे घातलेली नाही. उलट चेहरा दिसत नाही म्हणून जबाबदारी वाढते. समोरासमोर शब्द चुकला तर ऐकणाऱ्याकडे पाहून तो तिथल्या तिथे सावरता येतो. येथे ती सोय नाही. हसत बोललेले वाक्य लिहिताना त्यातले हसू गळून जाते आणि टोमणा तेवढा उरतो. अंधारात चालणाराने पाऊल जपून टाकावे. कोणी पाहत नाही म्हणून धावू नये.

हा प्रश्न आपल्याच पुढे आला असेही नाही. अनेकांनी एकाच वेळी लिहून गप्पा मारण्याची एक सोय १९८८ साली फिनलंड देशातील औलू येथे यार्को ओइकारिनेन यांनी तयार केली. पुढे १९९५ साली सॅली हँब्रिज या विदुषींनी इंटरनेटवरील शिष्टाचाराचे नियम लिहून काढले. त्यांतील मतलब असा : नव्याने आलेल्याने आधी ऐकावे, तेथील मंडळींची रीत समजून घ्यावी, मग बोलावे, आत शिरताना एकेकाला वेगळा रामराम घालीत बसू नये, सर्वांना मिळून एक पुरे, मागितल्यावाचून मोठाले मजकूर ओतू नयेत. हे ऐकून आम्हांस वाटले, या बाई कधीतरी आपल्या दिंडीत चालल्या असाव्यात!

कारण आपल्याकडेही हेच आहे. नवविधा भक्तीत श्रवण पहिले आणि कीर्तन दुसरे. हा क्रम उगाच लावलेला नाही. नवा टाळकरी एकदम विणेकऱ्याच्या शेजारी जाऊन उभा राहत नाही. तो मागे राहतो, चाल ऐकतो, पावली कशी पडते ते पाहतो, आणि टाळ असा वाजवतो की शेजाऱ्याचा टाळ बुडू नये. चार मुक्काम झाले म्हणजे कोणी न सांगता तोच पुढे येतो.

येथे शंका अशी की, वारकऱ्यांत लहानथोर नाही. बाप लेकाच्या आणि गुरू शिष्याच्या पाया पडतो. मग नव्यानेच काय म्हणून गप्प राहावे? ही शंका उडवून लावण्यासारखी नाही. तिचे समाधान असे : समता ही मानाची आहे, माहितीची नव्हे. नवा माणूस हलका आहे म्हणून त्याने थांबायचे नसून, आधीपासून चाललेले बोलणे त्याने अजून ऐकलेले नाही म्हणून थांबायचे. चाळीस वर्षे कीर्तन करणारा बुवा परक्या फडात गेला तरी त्यालाही नियम हाच. तेथील टाळकऱ्यांची चाल कोणती, हे आधी विचारूनच आम्ही उभे राहतो. मात्र हे मौन ऐकण्यासाठी असावे. भीतीने गप्प बसविलेला माणूस ऐकत नसतो. तो निघून जाण्याची संधी शोधीत असतो.

आता बोलायचे कसे? न्यायशास्त्रात वाक्याचा अर्थ कळण्यास आकांक्षा, योग्यता आणि सन्निधी अशी तीन कारणे सांगितली आहेत. सन्निधी म्हणजे शब्द एकापाठोपाठ, विलंब न लावता उच्चारणे. ‘गाय’ सकाळी म्हटले आणि ‘आण’ संध्याकाळी, तर वाक्य होत नाही. गटात नेमके हेच घडते. एकाने सकाळी विचारले, “तांदूळ किती आणू?” दुसऱ्याने विचारले, “सिन्नरचे किती जण?” तिसऱ्याने दुपारी लिहिले, “पंचवीस.” आता हे पंचवीस किलो की पंचवीस माणसे? म्हणून ज्या निरोपाला उत्तर द्यायचे तो धरूनच उत्तर द्यावे. फोनमध्ये तशी सोय आहे. ती वापरणे म्हणजे तुटलेली सन्निधी जोडणे.

एका दिंडीत असे झाले. पावसाने चिखल झाला म्हणून मुक्कामाची जागा बदलली आणि तशी सूचना गटात घातली. त्याच तासात नव्याने आलेल्या दोघातिघांनी फुलांची आणि सुविचारांची तीसचाळीस चित्रे पाठविली. सूचना त्यांच्याखाली गडप झाली. मागे राहिलेल्या चार म्हाताऱ्या बायका जुन्या जागी रात्री नऊपर्यंत राहुट्या शोधीत भिजल्या. चित्रे पाठविणाऱ्यांच्या मनात भक्तीच होती, यात आम्हांस संशय नाही. पण भक्तीच्या भरात कोणाच्या पायावर पाय दिला, तर त्याचा पाय दुखायचा राहतो काय?

याहून गंभीर गोष्ट पुढे आलेला मजकूर तसाच पुढे ढकलण्याची. शास्त्राने आप्ताचे वाक्य प्रमाण मानले. आणि आप्त कोण, तर जसे आहे तसे सांगणारा. हातोहात आलेल्या निरोपाला वक्ताच नसतो. मग तो आप्त कसा, आणि त्याचे वाक्य प्रमाण कसे? १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारले. मुले पळविणारी टोळी आली आहे, अशी अफवा त्या दिवसांत फोनाफोनी पसरली होती. मेलेल्यांपैकी बहुतेक मंगळवेढे तालुक्यातले. मंगळवेढे म्हणजे चोखोबांची भूमी, पंढरीच्या शेजारचे गाव! झोळी घेऊन दारी येणाऱ्याला आपण कालपरवापर्यंत पीठ वाढीत होतो. ज्यांनी तो निरोप पुढे ढकलला त्यांतील बहुतेकांनी हातात काठीही धरली नसेल. सावध करतो आहोत, असेच त्यांना वाटले असेल. तरी त्या पापाचा वाटा त्यांच्याकडे येत नाही असे म्हणण्यास आमची जीभ रेटत नाही. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठविता येईल अशी मर्यादा घालण्यास आरंभ केला. यंत्राने मर्यादा पाच घातली. वारकऱ्याने आपली आपण घालावी : ज्याचा सांगणारा ठाऊक नाही ते एकासही पाठवू नये.

मतभेद तर होणारच. शास्त्राने कथेचे तीन प्रकार केले आहेत. सत्य कळावे म्हणून चालतो तो वाद, जिंकावे म्हणून चालतो तो जल्प, आणि स्वतःचे काही न मांडता दुसऱ्याचे खोडीत राहणे ती वितंडा. लिहिण्यापूर्वी आपले यांतले कोणते आहे, हे स्वतःला विचारावे. तक्रार असेल तर ती करण्याचीही रीत आहे. माउलींच्या पालखी सोहळ्यात समाजआरतीच्या वेळी चोपदाराने दंड उंचावला की सगळे टाळ थांबतात. ज्या दिंडीची तक्रार असेल तिचे टाळ तेवढे वाजत राहतात. मग चोपदार तिच्याकडे जातात, म्हणणे ऐकून घेतात, आणि ते ठिकाणावर आणले जाते. तेथे तक्रार दडपत नाहीत आणि ती वाटभर पसरतही नाही. गटाचा जो चालक असेल त्याने हा चोपदाराचा धर्म घ्यावा. नव्याने तक्रार प्रथम त्याच्या कानी घालावी.

आता दोन शब्द जुन्यांना. शिष्टाचार नव्यानेच पाळायचा असे समजू नये. नवा चुकला तर चारचौघांत त्याला टोचून बोलू नये. बाजूला, एकट्याला, दोन ओळी लिहून सांगावे. “एवढंही कळत नाही का?” या एका वाक्याने कितीतरी माणसे कायमची गेली आहेत, गटातूनच नव्हे, वारीतूनही. नवखा दिंडीत आला तर आपण त्याच्या हाती टाळ देतो आणि कोणता हात कधी उचलायचा ते दाखवितो. त्याचा ठेका चुकतो, म्हणून कोणी टाळ हिसकावून घेत नाही. ज्यांना पूर्वी कोणीतरी असे सांभाळून घेतले, त्यांनी नव्याला सांभाळणे हे उपकार नव्हेत, ते ऋण फेडणे आहे.

तात्पर्य, आधी ऐकावे. एकदा सर्वांना ‘रामकृष्णहरी’ म्हणावे. थोडे, नेमके आणि खरे लिहावे. सांगणारा ठाऊक नसलेले पुढे ढकलू नये. आणि नव्याला हात द्यावा. वारीत आपण ओळख नसलेल्याही माणसाला ‘माउली’ म्हणून हाक मारतो. तीच हाक मनात म्हणून मग फोनवर बोट ठेवावे. ‘माउली’ म्हटल्यावर जे पुढे लिहवणार नाही, ते लिहायचेच नव्हते असे समजावे.