घर सुटतं, माया का सुटत नाही?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥


आपल्या इंदूरात रामबाग, राजवाडा भागातली कितीतरी कुटुंबं जुनी घरं सोडून मल्टीत राहायला गेली. कुठे वाटण्या झाल्या, कुठे जिने चढवेनात. सेवेच्या निमित्ताने आम्ही अशा घरी जातो तेव्हा एक प्रश्न हमखास निघतो. एवढी पारायणं केली, मग चार भिंती सोडताना रडू का येतं? ही आसक्तीच ना?

एकनाथी भागवतात अवधूताच्या चोवीस गुरूंमध्ये साप आहे. तो स्वतःचं घर बांधत नाही, दुसऱ्याने केलेल्या बिळात राहतो. पण नाथमहाराज स्वतः संसारी. काशीत १५७३ साली हा ग्रंथ पूर्ण केला आणि परत पैठणच्या घरी आले! सापाकडून शिकायचं ते घराचा अभिमान धरू नये एवढंच, डोळ्यांत पाणी येऊच नये असं नाही, निदान आम्हाला तरी तसं वाटतं. वाटणीत एका खोलीसाठी सख्ख्या भावाशी बोलणं टाकलं, ती आसक्ती, डोळे कोरडे असले तरी. पोरं ज्या ओटल्यावर वाढली त्यावरून जाताना हात फिरवला, तिला आम्ही आसक्ती म्हणणार नाही.

आणि गंमत बघा, मुलगी सासरी निघाली की आपण म्हणतो, रडू दे, मोकळी होईल. सासूबाईंनी ओटल्याची आठवण काढली की मात्र, "आई, भिंतींत काय आहे? नामात मन घाला." हा उपदेश पुष्कळदा त्यांच्यासाठी नसतोच. आपल्याला ऐकायचा कंटाळा आलेला असतो.

नव्या घराची आपण वास्तुशांत करतो, दूध उतू घालतो. जुन्या घरातून मात्र ट्रकच्या घाईत निघतो, देवसुद्धा डब्यात. एका घरी आदल्या संध्याकाळी रिकाम्या खोल्यांतून दिवा फिरवला, शेजाऱ्यांना चहाला बोलावलं. आजींनी उंबऱ्याला हळदकुंकू वाहिलं, रडल्या, मग नीट जेवल्या.

नव्या जागी वयस्कर माणसाला रात्री उठल्यावर दार कुठे ते कळत नाही. शक्य तर पलंग पूर्वीच्याच दिशेला ठेवावा, छोटा दिवा लावून ठेवावा. देवघर पहिल्याच दिवशी मांडावं, बाकी खोकी राहू देत. मल्टीत ओटला नाही, लिफ्टमध्ये कुणी बोलत नाही. तेव्हा संध्याकाळी खालच्या बाकावर त्यांच्याबरोबर आपणही जाऊन बसावं. आणि जुन्या शेजारणीशी त्या फोनवर पाऊण तास बोलल्या, तर बोलू द्यावं.