रात्रीचा नेम आणि आजची कादंबरी

झोपण्यापूर्वी काही पाने वाचण्याचा नेम चांगला की वाईट, असे कोणी विचारले तर सुशिक्षित वाचकांस हसू येईल. वाचन चांगलेच, त्यात शंका कसली? परंतु ती पाने आपल्याच काळातील, आपल्याच मुलखातील माणसांच्या विपत्तीची असली, आणि ती वाचून दिवा मालवल्यावर आपणांस उत्तम झोप लागत असली, तर हा प्रश्न वाटतो तितका पोरकट राहत नाही.

गेल्या श्रावणात हेदवीस महिनाभर राहण्याचा योग आला, तेव्हा आम्ही असा नेम धरला. जेवणे आटोपली की तासभर हयात किंवा नुकत्याच गेलेल्या लेखकांचे कथात्मक वाङ्मय वाचावयाचे. परीक्षांस लावून चोथा झालेले काही घ्यावयाचे नाही. श्रावणातले हेदवी ह्या कामास मोठे सोयीचे. सकाळी दशभुज गणपतीचे दर्शन घ्यावे, भरतीच्या वेळी बामणघळीच्या चिरेत शिरलेले पाणी उंच उसळते ते पाहावे, आणि पुढे पाऊस घराबाहेर पडू देत नाही.

नेम हा शब्द आम्ही जाणूनबुजून योजला आहे. कोकणातल्या घरांतून चातुर्मासात पोथी लावण्याची चाल होती. काही घरी अद्याप आहे. श्रीधरस्वामींचा ‘हरिविजय’ किंवा ‘पांडवप्रताप’ एकाने वाचावा आणि घरच्या-शेजारच्यांनी ऐकावा. पुढे काय होणार हे श्रोत्यांस आधीच ठाऊक असे, आणि शेवटी फलश्रुती असे. कादंबरीने ही सारी घडी मोडली. वाचक एकटा पडला, कथेचा शेवट अज्ञात झाला, आणि ऐकल्याचे फळ सांगणारे कोणी उरले नाही. हरिभाऊ आपट्यांचे ‘करमणूक’ 1890 साली निघाले आणि त्यातून ‘पण लक्षात कोण घेतो?’ क्रमशः प्रसिद्ध झाली. ह्या नावाकडे आपण पुरेसे लक्ष देत नाही, असे आम्हांस वाटते. फलश्रुती वाचकास आश्वासन देई; हे नाव त्याच्याकडे तक्रार करते.

त्या तक्रारीचे उत्तर आपण बहुधा डोळ्यांत पाणी आणून देतो. ह्या अश्रूंविषयी रूसोने 1758 साली दालांबेरास लिहिलेल्या पत्रात नाटकाच्या निमित्ताने फार कठोर विधान केले आहे. रंगभूमीवरील दुःखास अश्रू दिले की प्रेक्षकास वाटते, माणुसकीचे देणे फिटले. आणि ह्या देण्यास पैसाही पडत नाही, श्रमही पडत नाहीत. कलेसाठी कला की जीवनासाठी कला, ह्या फडके-खांडेकरांच्या नावाने गाजलेल्या वादात हा आक्षेप जवळजवळ हरवला. दोन्ही पक्षांनी लेखकाचे कर्तव्य ठरविले. वाचकाचे कर्तव्य कोणीच फारसे विचारले नाही.

आमच्या महिन्यातली दुसऱ्या आठवड्याची कादंबरी कृष्णात खोत यांची ‘रिंगाण’ होती. तिला 2023 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आहे. धरणामुळे उठलेल्या गावाचा एक माणूस मागे राहिलेली म्हैस आणावयास परत जातो, तो तिथे राहिलेली गुरे रानटी होऊन गेलेली. कादंबरीतले धरण कोयनेचे आहे असे आमचे म्हणणे नाही. पण हेदवीत बसून ती वाचणाऱ्यास कोयना टाळता येत नाही. त्या धरणाचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेस सोडून पोफळीस 1962 पासून वीज करतात. तेच पाणी पुढे वाशिष्ठीला मिळते आणि दाभोळच्या खाडीने समुद्रास जाते, म्हणजे हेदवी ज्या गुहागर तालुक्यात आहे त्याच्याच उत्तर सीमेवरून. ते साठवावयास ज्यांची गावे बुडाली त्यांच्या पुनर्वसनाचे गाऱ्हाणे साठ वर्षांनंतरही संपलेले नाही. अशा विजेचा काही वाटा असलेल्या दिव्याखाली विस्थापितांची कथा वाचून हळहळणे, हा रूसोच्या आक्षेपाचा उत्तम नमुना नव्हे काय?

तथापि महिनाभर नेम पाळल्यावर आमचे मत रूसोहून थोडे निराळे झाले आहे. जयंत पवारांच्या ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’ ह्या संग्रहातले गिरणगाव वाचताना पहिल्या रात्री गळा दाटून आला. ह्या किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांतून चाकरमानी गिरण्यांत गेले, आणि 1982 च्या संपाने त्यांची मनीऑर्डर थांबली. चौथ्या रात्री गळा दाटला नाही. सवयीने मन निबर झाले, असे कोणी म्हणेल. आमच्या मते उलट झाले. अश्रू ओसरल्यावर प्रश्न उरले: घरभाडे कोणी भरले, पोरे कोणत्या धंद्यास लागली, गावी परतलेल्याला भावकीने जमिनीत उभे केले की नाही? आपल्या भावनेचे कौतुक संपले म्हणजेच दुसऱ्याच्या परिस्थितीकडे पाहण्यास सवड होते. म्हणून रूसोचा आक्षेप अश्रूंस लागू पडतो. लक्ष देण्यास तो तितकासा लागू पडत नाही. आणि हे लक्ष एका रात्रीच्या झपाट्यात येत नाही. त्यास नेमच लागतो. (एका बैठकीत कादंबरी फस्त केल्याचा अभिमान सांगणारे वाचक आम्हांस ह्या कारणाने थोडे संशयास्पद वाटतात.)

मात्र लक्ष देणे म्हणजे ऋण फेडणे नव्हे, हा मुद्दा शिल्लक राहतोच. ‘रिंगाण’मधली काही पाने आम्ही मोठ्याने वाचीत होतो, तेव्हा शेजारच्या वृद्ध काकू पोथीच्या सवयीने येऊन बसत. पुस्तक संपल्यावर त्यांनी विचारले, “भाऊ, त्या उठलेल्या लोकांना पुढे जमीन मिळाली हो?” कादंबरी ह्या प्रश्नास बांधलेली नाही, हे आम्ही वर्गात अनेकदा शिकविले आहे, आणि ते खरेही आहे. त्यांस ते सांगावेसे वाटले नाही.

तेव्हापासून आमच्या नेमास एक जोड मिळाली आहे. कादंबरी ज्या गोष्टीविषयी असेल तिच्याविषयी एखादा अहवाल, एखादे वर्तमानपत्राचे कात्रण शेजारी ठेवावयाचे, आणि पत्र लिहिण्याजोगे काही निघाले तर ते दुसऱ्या दिवशी लिहावयाचे. त्यामुळे रात्रीचा तास दीड तासाचा झाला आहे, आणि दिवा फार वेळ जळतो अशी घरच्या मंडळींची तक्रार आहे.