केटोचा घोडा

गेल्या श्रावणांत इंग्लंडहून माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचें पत्र आलें. पंचवीस वर्षांपूर्वीं ती आमच्या महाविद्यालयांत नीतिशास्त्राच्या वर्गांत पहिल्या बाकावर बसत असे. पुढें लग्न होऊन ती तिकडे गेली. आतां तिच्या यजमानांना ऑस्ट्रेलियांत मेलबर्न येथें नोकरी मिळाली आहे व सहा महिन्यांत सगळें बिऱ्हाड हलवावयाचें आहे. घर विकतां येईल, सामान जहाजानें पाठवितां येईल, मुलगी विश्वविद्यालयांत शिकते ती तिकडेच राहील. प्रश्न उरला आहे तो मोतीचा. मोती हा त्यांचा घोडा. वय वर्षें एकोणीस. मुलगी दहा वर्षांची असतांना तिच्या हट्टापायीं तो घेतला. मुलगी मोठी होऊन पुस्तकांत गढून गेल्यावर त्याचा दाणावैरण पाहण्याचें आणि रोज सायंकाळीं त्याच्या खुरांतील चिखल काढण्याचें काम आईकडे आलें. एका शेतकऱ्याच्या कुरणांत तो असतो. सोबतीला त्या शेतकऱ्याचें एक म्हातारें तट्टू आहे. तें दिसेनासें झालें कीं मोती कुंपणाच्या कडेनें येरझारा घालतो. "सर," ती लिहिते, "तुम्हीं आम्हांला कर्तव्याचे प्रकार शिकविलेत. त्यांत हा प्रकार कोठें बसतो तें सांगा. त्याला बरोबर न्यावें, विकावें, कोणाला देऊन टाकावें, कीं डॉक्टरला बोलावून त्याचा शेवट करावा? येथें चौघेजण चार गोष्टी सांगतात, आणि चौघांनींहि आयुष्यभर घोडे पाळलेले आहेत."

असलें पत्र आलें म्हणजे शिक्षकाला अभिमान वाटतो आणि धडकीहि भरते. मीं आयुष्यांत घोड्यांविषयीं जें कांहीं शिकलों तें बहुतेक पुस्तकांतून. म्हणून पुस्तकच उघडलें.

प्लुटार्क या ग्रीक चरित्रकारानें थोरल्या केटोचें चरित्र लिहिलें आहे. हा केटो रोमन काटकसरीचा मूर्तिमंत पुतळा. इ. स. पूर्वीं १९५ सालीं तो कॉन्सल होता व स्पेनच्या मोहिमेवर गेला होता. ती आटोपून परततांना, ज्या घोड्यावर बसून त्यानें ती सबंध मोहीम केली तो घोडा त्यानें स्पेनमध्येंच सोडला. कारण काय, तर त्याच्या जहाजभाड्याचा भार रोमच्या खजिन्यावर पडूं नये! ही थोरवी म्हणावी कीं कोतेपणा, हें वाचकानेंच ठरवावें असें प्लुटार्क म्हणतो खरा. पण त्याचा स्वतःचा कौल त्यानें आधींच देऊन ठेवलेला आहे. केटो म्हातारे गुलाम विकून टाकीत असे, त्याचा त्याला मनापासून तिटकारा आहे. आपण तर आपल्यासाठीं राबलेला बैलसुद्धां म्हातारा झाला म्हणून विकणार नाहीं, मग माणसाची गोष्ट कशाला, असें तो सांगतो. पार्थेनॉनचें मंदिर बांधतांना राबलेल्या खेंचरांना अथेन्सच्या लोकांनीं मोकळें सोडलें, आणि त्यांतलें एक आपण होऊन पुन्हां कामावर येऊं लागलें तेव्हां त्याला सरकारी खर्चानें जन्मभर पोसण्याचें ठरलें, ही गोष्ट तो मोठ्या आवडीनें देतो.

केटोच्या बाजूनें बोलणारे पुष्कळ निघतील, आणि मीहि तारुण्यांत त्यांच्यांतच होतों. सरकारी पैशाच्या बाबतींत इतका चोख मनुष्य कोठें मिळतो! परंतु भाडें खजिन्यांतून द्यावयाचें नव्हतें तर स्वतःच्या पदरचें देण्यास त्याला कोणीं अडविलें होतें? हा पर्याय त्याच्या डोक्यांतहि आलेला दिसत नाहीं. घोडा स्पेनमध्यें राहिला ही त्याची चूक आहे असें मला वाटत नाहीं. घोड्याचा प्रश्न त्यानें जमाखर्चाच्या वहींत सोडविला, आणि शिल्लक पडलेली रक्कम स्वतःच्या सद्गुणांच्या खातीं जमा केली, हें मला खुपतें. तो घोडा पुढें कोणाच्या हातीं गेला हें केटोला ठाऊक होतें असें चरित्रांत कोठें दिसत नाहीं.

येथवर वाचून मीं उत्तर लिहावयास घेतलें कीं, "घोडा बरोबर ने." पण लेखणी अडली, आणि ती प्लुटार्कच्याच बैलानें अडविली. म्हातारा बैल कां विकूं नये? तर त्याला त्याच्या नित्याच्या जागेवरून, अंगवळणी पडलेल्या आयुष्यांतून उपटून काढणें हें जणूं त्याला देशोधडीला लावणें होय म्हणून. हा युक्तिवाद खरा असेल तर तो विक्रीविरुद्ध जितका लागू पडतो तितकाच विमानप्रवासाविरुद्धहि लागू पडतो. घोड्याचा हा प्रवास कसा असतो तें मीं एका पशुवैद्य स्नेह्याकडून समजावून घेतलें. प्रथम रक्ताच्या तपासण्या. मग इंग्लंडमध्येंच दोन आठवडे क्वारंटाइन. मग मालवाहू विमानांत अरुंद कप्प्यांत उभें राहून अर्ध्या पृथ्वीचा प्रवास. आणि उतरल्यावर मेलबर्नजवळ मिकलहॅम येथील सरकारी ठाण्यांत आणखी दोन आठवडे. घोड्याला वांति होत नाहीं, त्यामुळें पोटांत बिघडलें तर तें बाहेर पडावयास वाट नाहीं. आणि मान फार वेळ उंच बांधलेली राहिली कीं श्वासनलिकेंतील घाण खालीं निचरत नाहीं व फुप्फुसांना सूज येते. बहुतेक घोडे हें सारें निभावून नेतात. पण एकोणीस वर्षें म्हणजे घोड्याचें उतारवय, आणि हा वनवास कोणाच्या प्रेमासाठीं, हा प्रश्न विचारावाच लागतो.

आपल्या लोकांच्या मनांत या ठिकाणीं युधिष्ठिराची आठवण हटकून येते. महाप्रस्थानाच्या शेवटीं इंद्र रथ घेऊन आला. पण मागून आलेल्या कुत्र्याला टाकून स्वर्गांत येणें धर्मराजानें नाकारलें. भक्ताचा त्याग हें महापाप, हा त्याचा मुद्दा. ही कथा मला लहानपणापासून प्रिय आहे. परंतु तो कुत्रा शेवटीं साक्षात् यमधर्म निघाला, हें मात्र मला कधीं आवडलें नाहीं. तो साधा कुत्राच निघता तर? नंदनवनांत त्याला कोठें बांधणार होते? अप्सरांच्या गायनानें त्याची करमणूक झाली असती काय? दाराशीं उभें राहून "याला घेतल्याशिवाय मी येत नाहीं" म्हणण्यांत धैर्य आहे. पण आंत गेल्यावर त्या प्राण्याचें काय, याचा विचार व्यासांना करावा लागला नाहीं. माझ्या विद्यार्थिनीला करावा लागत आहे.

शिवाय कुत्रा आणि घोडा यांत भेद आहे. प्लुटार्कनेंच त्या प्रकरणांत पेरिक्लिसचा बाप झांथिपस याच्या कुत्र्याची हकीकत दिली आहे. इ. स. पूर्वीं ४८० सालीं इराणी फौजा चालून आल्या तेव्हां अथेन्सचे लोक शहर सोडून सॅलॅमिसच्या बेटावर निघाले. झांथिपसचा कुत्रा गलबताच्या कडेकडेनें समुद्रांतून पोहत गेला, बेटाला लागला आणि तेथेंच मेला. कुत्र्याचा देश म्हणजे त्याचा धनी. धनी हलला कीं देश हलला. घोडा हा कळपाचा प्राणी. त्याला माणसाचा लळा लागतो हें खरें, पण त्याचें घर शेजारीं उभ्या असलेल्या दुसऱ्या घोड्यांत असतें. तें म्हातारें तट्टू विद्यार्थिनीच्या पत्रांत एका ओळींत येऊन गेलें होतें. मला वाटतें, सगळ्या पत्रांत महत्त्वाची ओळ तीच होती.

पण एवढ्यानें मागें सोडणाऱ्याची सुटका होत नाहीं. सिद्धार्थानें गृहत्याग केला त्या रात्रीं तो कंथकावर बसून निघाला. अनोमा नदीच्या पलीकडे उतरल्यावर त्यानें छन्नाबरोबर घोडा परत धाडला. आतां याहून चांगली व्यवस्था कोणती असूं शकते? ओळखीचा मोतद्दार, ओळखीची पागा, राजाचें घर. तरी पाली परंपरेंतील कथा सांगते कीं धनी दृष्टीआड होतांच कंथक शोकानें मेला. जगाच्या दुःखावर औषध शोधावयास निघालेल्या पुरुषाच्या वाटेवर पहिलें प्रेत एका घोड्याचें पडलें. बौद्ध कथाकारांनीं हें लपविलें नाहीं, याबद्दल मला त्यांच्याविषयीं फार आदर वाटतो.

कित्येकदां तर निवड करण्याची मोकळीकच नसते. पहिल्या महायुद्धासाठीं ऑस्ट्रेलियांतून सुमारें १,३६,००० घोडे परदेशीं गेले. वेलर जातीचे हे घोडे आपल्याकडील लष्करालाहि चांगले परिचयाचे. न्यू साउथ वेल्सवरून त्यांना तें नांव पडलें. त्यांतला परत गेला एकच: गॅलिपोली येथें १९१५ सालीं जखमी होऊन मृत्यु पावलेल्या जनरल ब्रिजेस यांचा सँडी. १९१८ च्या नोव्हेंबरांत तो मेलबर्नला पोचला व १९२३ सालीं, दृष्टि जाऊं लागल्यावर, त्याला शांतपणें मारण्यांत आलें. बाकीच्यांना आड आला तो खर्च आणि रोगराईचा कायदा. हा कायदा पुढेंहि इतका कडक होता कीं १९५६ चीं ऑलिंपिक मेलबर्नला झालीं, पण घोडेस्वारीचे सामने स्टॉकहोमला भरवावे लागले. त्याला दुराग्रह म्हणवत नाहीं. २००७ सालीं बाहेरून आलेल्या घोड्यांबरोबर इन्फ्लुएंझा त्या देशांत शिरला, आणि न्यू साउथ वेल्स व क्वीन्सलंड या प्रांतांतले हजारों घोडे आजारी पडले. एकाच्या मायेपायीं दुसऱ्यांच्या तबेल्यांत रोग नेण्याचा अधिकार कोणालाहि नाहीं.

मग परत नेतां न आलेल्यांचें काय झालें? कांहीं हिंदुस्थानच्या लष्कराकडे आले, कांहीं गोळी घालून मारले गेले. आणि इंग्रज लष्कराचे हजारों घोडे ईजिप्तमध्यें विकले गेले. १९३० सालीं एका लष्करी अधिकाऱ्याची पत्नी डॉरथी ब्रुक कैरोला आली, तेव्हां ते तिला रस्त्यांत, दगडांच्या खाणींत, गाड्यांना जुंपलेले दिसले: हाडें वर आलेलीं, गुडघे मोडलेले. तिनें १९३१ सालीं 'मॉर्निंग पोस्ट' या पत्रांत पत्र लिहून मदत मागितली, आणि तीन वर्षांत सुमारें पांच हजार घोडे विकत घेतले. घेतले कशासाठीं? बहुतेकांना मारण्यासाठीं! ते इतके खंगले होते कीं मरण हाच उपचार उरला होता. १९३४ सालीं तिनें कैरोंत जनावरांचें इस्पितळ काढलें. त्यांतून वाढलेली संस्था आजहि अनेक देशांत काम करते.

या बाईच्या कामांत मला दोन गोष्टी विलक्षण वाटतात. एक, घोडा ज्याच्या दारीं सांपडला त्याला तिनें राक्षस ठरविलें नाहीं. तो मनुष्यहि घोड्याइतकाच उपाशी होता हें तिला दिसलें, आणि इस्पितळाचें दार तिनें त्याच्याहि जनावरांना उघडें ठेवलें. दुसरी अशी कीं, विक्रीच्या वेळीं ज्यांनीं पैसे मोजून घेतले त्यांच्या लेखीं तो व्यवहार पुरा झाला होता. घोड्याच्या लेखीं तो अकरा अकरा वर्षें चालू होता. आपल्याकडे मुंबईस १८३४ पासून पांजरपोळ आहे. तेथें जनावर पोचविलें कीं पुष्कळांना सुटल्यासारखें वाटतें. देणाऱ्यांपैकीं पुन्हां भेटीस किती जातात, हें तेथल्या गोठ्यांना विचारावें.

हें सारें मी दुसऱ्यांविषयीं सांगत आहें, म्हणून एक घरची गोष्ट सांगणें भाग आहे. माझे वडील वाई तालुक्यांत प्राथमिक शिक्षक होते. डोंगरावरच्या वाड्यांवर जाण्यासाठीं त्यांनीं काशी नांवाची एक घोडी बाळगली होती. १९८१ सालीं त्यांची पुण्याच्या बाजूस बदली झाली, आणि पुण्यांत दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत घोडी नेणें अशक्यच होतें. साताऱ्याच्या एका टांगेवाल्यानें ती घेतली. "नीट सांभाळाल ना?" असें वडिलांनीं त्याला दोनदां विचारलें, आणि त्यानें दोनदां "होय मास्तर" म्हटलें. त्या काळीं मुलीच्या स्थळाची चौकशीहि याहून फारशी अधिक होत नसे. तीन वर्षांनीं एका लग्नाला गेलों असतां साताऱ्याच्या स्टँडबाहेर ती मला दिसली. साजानें खांदा सोलला होता, आणि जखमेवर हळद भरलेली होती. टांगेवाला शेजारीं उभा होता, त्याच्याहि पायांत वहाण नव्हती. हळद त्यानेंच लावलेली असणार. घोडीनें कान माझ्या दिशेला वळविले. मला ओळखून वळविले कीं सहज, हें मला सांगतां येणार नाहीं, कारण मी रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूनें निघून गेलों. हें मीं वडिलांना शेवटपर्यंत सांगितलें नाहीं.

विद्यार्थिनीला मीं उत्तर लिहिलें तें असें: "न्यावें कीं ठेवावें हें घोड्याचें वय, त्याची प्रकृति आणि तें म्हातारें तट्टू यांना विचार, तुझ्या प्रेमाला विचारूं नकोस, तें दोन्ही बाजूंनीं साक्ष देईल. ठेवणार असलीस तर एवढें पाहा: तो आजारी पडला तर रात्रीं डॉक्टरला बोलावणारा कोण? त्याचे पैसे देणारा कोण? आणि शेवटची वेळ आली हें ठरविणारा कोण? या तीन प्रश्नांना माणसाच्या नांवानें उत्तर मिळालें नाहीं तर घर मिळालें असें समजूं नकोस. मग डॉक्टरला बोलावणें हेंच अधिक प्रामाणिक. विकूं मात्र नकोस."

दिवाळीच्या सुमारास तिचें पत्र आलें. मोती त्याच कुरणांत राहिला आहे. कागदोपत्रीं मालकी तिचीच. खर्च ती मेलबर्नहून दरमहा पाठविणार. मुलगी पंधरा दिवसांनीं आगगाडीनें जाऊन पाहून येते. आणि शेवटचा निर्णय शेतकऱ्याच्या बायकोनें डॉक्टरच्या सल्ल्यानें घ्यावा असें लिहून ठेवलें आहे. निघण्याच्या दिवशीं सकाळीं ती खूर साफ करावयास गेली होती. "त्यानें नेहमीप्रमाणें पाय उचलून दिला," ती लिहिते, "आणि काम झाल्यावर तट्टाकडे निघून गेला. मागें वळून पाहिलें नाहीं. सर, याचें मला बरें वाटावें कीं वाईट?"

त्या पत्राचें उत्तर अजून लिहावयाचें आहे.