कर्ब एकटा टिकत नाही

‘पाचट ठेवलं की खोडवा पिवळा पडतो,’ ही तक्रार ऊसपट्ट्यात सगळीकडे ऐकायला मिळते, आणि ती खोटी नाही. अशा शेतकऱ्याला अडाणी ठरवून त्याच्यापुढे सेंद्रिय कर्बाचं माहात्म्य गात बसणं मला पटत नाही. त्याच्या डोळ्यांना जे दिसतं, त्यात मातीचा एक मोठा नियम उघड झालेला असतो.

पाचटात साधारण ४० टक्के कर्ब असतो आणि नत्र जेमतेम अर्धा टक्का. म्हणजे एक भाग नत्रामागे ८० भाग कर्ब. ते कुजवणाऱ्या जिवाणूंच्या शरीरात मात्र एका नत्रामागे आठच्या आसपास कर्ब असतो. खाल्लेल्या कर्बातला दोनतृतीयांश श्वासावाटे निघून जातो असं धरलं, तरी त्यांना २४-२५ला एक अशा प्रमाणाचं अन्न हवं. समोर आहे ८०ला एक. तुटीचा नत्र ते मातीतून उचलतात, म्हणजे पिकाच्या तोंडचा. खोडवा पिवळा पडतो तो यामुळे.

तेवढ्यानं भागलं नाही तर काय होतं, ते जास्त महत्त्वाचं आहे. जुन्या ह्यूमसमध्ये, म्हणजे कुजून मातीत मुरलेल्या सेंद्रिय पदार्थात, दहा-बारा भाग कर्बामागे एक भाग नत्र बांधलेला असतो. तो मोकळा करायचा तर ह्यूमस फोडावा लागतो, आणि फोडताना त्यातला कर्ब हवेत जातो. नव्या पाल्यातून मिळणारी ऊर्जा जिवाणू या कामी लावतात. ताजा सेंद्रिय माल घातला की जमिनीतल्या जुन्या साठ्याचं विघटन वाढतं, हे फेलिक्स लोनिस या जिवाणुशास्त्रज्ञानं १९२६ सालीच नोंदवलं होतं. कर्ब वाढावा म्हणून घातलेल्या पाल्यानंच जुना कर्ब थोडाफार खर्ची पडावा, ही गोष्ट मला अजूनही अस्वस्थ करते.

पाचटाबद्दलची शिफारस याच जागी कामाला येते. हेक्टरी १० टन पाचटावर ८० किलो युरिया, १०० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १० किलो पाचट कुजवणारे जिवाणू. पाचट लवकर कुजावं म्हणून हे टाकायचं, असा सर्वसाधारण समज आहे. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे. ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या संस्थेत क्लाइव्ह कर्कबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठिकठिकाणच्या मातीतला ह्यूमस तपासला, तेव्हा घटकांचं प्रमाण जवळपास सारखंच निघालं. एक टन कर्ब ह्यूमसच्या रूपात राहायचा तर त्याच्यासोबत सुमारे ८० किलो नत्र, २० किलो फॉस्फरस (स्फुरद) आणि १४ किलो गंधक अडकून पडतं. हे घटक जोडीला दिले तर गव्हाच्या काडातला जास्त कर्ब ह्यूमस होऊन मागे राहतो, असं त्यांना आढळलं.

आता आपल्या फडाचा हिशेब मांडू. १० टन पाचटात ५० किलो नत्र, ८० किलो युरियातून आणखी ३७. एकूण ८७. त्यातला कणन् कण ह्यूमसमध्ये गेला असं मानलं, तरी पाचटातल्या चार टन कर्बापैकी एक टनच टिकू शकतो. प्रत्यक्षात पीकही त्यातला वाटा घेतं, म्हणून हाती लागतं ते त्याहून कमीच.

पावसाळा संपता संपता सरीतल्या पाचटाचा थर उचलून पाहावा. वरची पानं कोरडी, पिवळट, जशीच्या तशी असतात. मातीला टेकलेल्या थरात पातं विरघळून गेलेलं, मधली कडक शीर तेवढी उरलेली, आणि तिच्यावर बुरशीचे पांढरे तंतू पसरलेले. ते तंतू आणि जिवाणू मरतात तेव्हा त्यांच्या शरीराचे अवशेष मातीच्या कणांना चिकटून राहतात. टिकाऊ ह्यूमसचा मोठा वाटा असाच तयार होतो. म्हणून पाला किती घातला याच्याइतकंच, त्यावर किती जीव पोसले गेले याला महत्त्व आहे. काडी लावली की हे सगळं संपतं. कर्ब, नत्र आणि बरंचसं गंधक धुरात जातं, राखेत पालाश आणि थोडं स्फुरद उरतं.

‘युरियानं जमिनीतला कर्ब खाल्ला’ असं सरसकट बोललं जातं, तेही मला मान्य नाही. इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेडच्या ब्रॉडबॉक शेतात १८४३ पासून गव्हाचा प्रयोग चालू आहे. तिथे नुसतं रासायनिक खत मिळालेल्या वाफ्यांत कर्ब बिनखताच्या वाफ्यापेक्षा थोडा जास्तच आहे, कारण पोसलेलं पीक मुळं आणि धसकटंही जास्त सोडतं. शेणखताच्या वाफ्यात मात्र तो दुपटीहून अधिक आहे. शेणखतातून कर्ब आणि अन्नद्रव्यं एकत्रच येतात.

आता कार्बन क्रेडिटची भाषा गावोगाव पोचू लागली आहे. एक टन कर्ब जमिनीत राखायचा म्हणजे सुमारे चार गोण्या युरियाइतका नत्र आणि जवळपास सहा गोण्या सिंगल सुपरइतकं स्फुरद अडकवून ठेवायचं. त्यातलं काही पाल्यातूनच येईल, उरलेलं शेतकऱ्याच्या खिशातून. करारात या गोण्या धरल्या जायला हव्यात. शिवाय हे अन्न पिकाला परत मिळतं ते ह्यूमस फुटल्यावरच, आणि ह्यूमस फुटला की कर्ब सुटतो. हा साठा जपायचा की वापरायचा, असं कॅनडातले मृदाशास्त्रज्ञ हेन्री जॅन्झन यांनी २००६ साली विचारलं होतं. कर्बाचा भाव टनावर ठरवणाऱ्यांनी आधी याचं उत्तर शेतकऱ्याला द्यावं, कारण पुढच्या हंगामातल्या खोडव्याला नत्र याच साठ्यातून लागणार आहे.